परकार मॅडमच्या जबड्याखाली

परकार मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या हातात चिंचेचा गोळा होता.

डेंटल कॉलेजचा पहिला आठवडा, ॲनाटॉमीचं पहिलं लेक्चर. आम्ही नव्या कोऱ्या पांढऱ्या ॲप्रनात, आता कवटीबिवटी काहीतरी भयंकर बघायला मिळणार म्हणून जीव मुठीत धरून बसलेलो. आणि आत आली एक बुटकीशी, गोल चेहऱ्याची बाई. सलवार-कमीज, ओढणी दोन्ही खांद्यांवर पिनांनी पक्की ठोकलेली, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट. टेबलावर पर्स ठेवली, प्लास्टिकच्या पिशवीतून चिंच काढली, तिचा तुकडा मोडून मिठात दाबला आणि आमच्याकडे बघत सावकाश तोंडात टाकला. डोळे मिटले. टाळ्याला जीभ लावून असा काही 'टॉक्' आवाज काढला की अख्ख्या वर्गाने आवंढा गिळला.

"सुटलं पाणी?" त्यांनी डोळे न उघडताच विचारलं. "चिंच मी खाल्ली. तुमच्या तोंडाला का पाणी? आणि आलं कुठून? आत नळ बसवलाय?"

पुढच्या बाकावरचं कुणीतरी हुशार म्हणालं, "मॅडम, लाळग्रंथीतून."

"बरं. आणि ग्रंथीत कुठून आलं? टाकी आहे तिथे? अरे बाबांनो, रक्तातून आलं! चिंच दिसली की आधी रक्त ग्रंथीकडे धावतं, मग लाळ होते. रक्तच पोचलं नाही तर चिंच कितीही आंबट असू दे, तोंड कोरडं ते कोरडंच. म्हणून आपण ग्रंथी नंतर शिकायची. आधी तिच्याकडे जाणारं रक्त."

मग त्यांनी आम्हाला दात आवळायला लावले. दात आवळले की गालात मागे एक स्नायू टणक होतो. त्याच्या अगदी पुढे, जबड्याच्या खालच्या कडेवर बोट ठेवा म्हणाल्या. ठेवलं. आणि काय सांगू, बोटाखाली टुकटुक, टुकटुक! स्वतःच्याच थोबाडात असं काही उडत असतं हे मला वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. "ही फेशियल आर्टरी," मॅडम म्हणाल्या. "चेहऱ्याची धमनी. चेहऱ्यावर यायच्या आधी ती जबड्याखालच्या लाळग्रंथीला भेटून येते. तिची ओळख ठेवा. पुढे कामाला येईल."

मॅडम मूळच्या उरणच्या पुढे मोऱ्याच्या. तिथे त्यांची मोठी बहीण, आपा, एकटी राहायची. आठवडाभर मॅडम कोपरखैरण्यात, आमच्याच सोसायटीत तळमजल्याला भाड्याने. म्हणजे कॉलेजात त्या आणि घरी आले तरी जिन्यात त्याच. सुटका नाही! शनिवारी उरणची बस पकडायच्या, सोमवारी सुक्या जवळ्याची पिशवी घेऊन परतायच्या आणि लिफ्ट नसलेल्या आमच्या बिल्डिंगला वरच्या मजल्यापर्यंत कळायचं की मॅडम आल्या.

लेक्चरमध्ये त्यांचं इंग्रजी इस्त्री केलेलं. पण चिडल्या की थेट मोऱ्याला पोचायच्या. "काय झाला रे तुला? डोकीत भुसा भरलाय काय?" मुलं मुद्दाम चिडवायची, ते ऐकायला मिळावं म्हणून.

नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत. ग्रंथी राहायच्या. आमच्या सोसायटीतल्या माणसांना त्या गळ्यांवरून ओळखत. माझं आडनाव तेवढं त्यांच्या लक्षात राहिलं होतं. "शिंदे, ते नाहीत का ग, दुसऱ्या मजल्यावरचे, कानापुढची ग्रंथी फुगीर आहे ते? त्यांना सांग, त्यांचा कुकर माझ्याकडे राहिलाय." मी वर जाऊन काकांना निरोप द्यायची, फक्त ग्रंथीचा भाग गाळून. बसमध्ये समोर कुणी डुलक्या घेत असला तर त्या त्याच्या मानेकडे टक लावून बघत बसत. एकदा एक बाई संतापून म्हणाली, "काय हो, माझ्या मंगळसूत्राकडे काय बघता?" मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मंगळसूत्र नाही हो, त्याच्या वरची नाडी बघतेय. छान उडतेय. तब्येत उत्तम आहे तुमची." ती बाई पुढच्याच स्टॉपला उतरली.

कॉलेजात त्यांचं एक वाक्य आम्हा सगळ्यांच्या कपाळावर गोंदल्यासारखं होतं. "आधी बोट, मग डोळा, मग चिमटा." म्हणजे कापताना रक्त आलं तर घाबरून चिमटे खुपसत सुटू नका. आधी बोटाने दाबा. मग नीट बघा, कुठून येतंय. मग काय तो चिमटा लावा. "रक्ताला घाई असते," त्या म्हणायच्या. "तुम्हाला नको."

हे नुसतं बोलणं नव्हतं. आमच्या सोसायटीच्या वार्षिक कार्यक्रमात संगीत खुर्ची होती. आमचे सेक्रेटरी, माणूस तसा भला, पण बोलायला लागला की ऐकणाऱ्याचे केस पिकायचे. ते खुर्चीसाठी झेपावले, खुर्ची सरकली आणि तिच्या पाठीच्या कडेवर तोंड आपटून खालचा ओठ फाटला. रक्ताची धार! बायका ओरडतायत, कुणी हळद आणतंय, कुणी बर्फ, कुणी नुसताच "पंखा लावा, पंखा लावा" करतंय. पार्किंगमध्ये कुठला पंखा! मॅडम आल्या, सेक्रेटरींचा ओठ जखमेच्या दोन्ही बाजूंना दोन्ही हातांच्या चिमटीत धरला आणि दाबला. रक्त बंद. नळाची चावी फिरवल्यासारखं.

"ओठाला दोन्हीकडून रक्त येतं," त्या जमलेल्या बायकांना समजावून सांगायला लागल्या. "डावीकडची धमनी उजवीकडचीला मध्ये येऊन भेटते. एका बाजूला दाबून काय होणार? रिक्षा बोलवा कुणीतरी." रिक्षा येईपर्यंत त्यांनी चिमटी सोडली नाही. सोसायटीच्या जन्मापासून सेक्रेटरी एवढा वेळ गप्प कधीच नव्हते. ती संधी साधून मॅडमनी तिथल्या तिथे विचारलं, "पाण्याचा नवा पंप घ्यायचा का? कुणाची हरकत?" सेक्रेटरींची होती, ते डोळ्यांनी जिवाच्या आकांताने सांगत होते. पण ठराव मंजूर झाला.

आता विलास. विलास म्हात्रे आमच्या बॅचचा, बोनकोड्याचा. घरची शेती शहराच्या पोटात गेली, त्या जागी वडिलांनी चाळ आणि नंतर इमारत बांधली. हा गळ्यात सोन्याची जाड चेन घालून मोटारसायकलवर कॉलेजला यायचा. गावातला पहिला डॉक्टर होणार म्हणून अख्खं बोनकोडे त्याच्याकडे डोळे लावून बसलेलं. मनाचा लोण्यासारखा आणि तोंडी परीक्षेत तोंड न उघडणारा.

मॅडमची तोंडी परीक्षा म्हणजे वेगळंच प्रकरण. टेबलावर खरा जबडा असायचा आणि त्याच्या आत, खालच्या बाजूला, त्यांनी सकाळी घरून मळून आणलेल्या कणकेची ग्रंथी चिकटवलेली. बाजूला लाल लोकरीचा धागा. "म्हात्रे, ही जबड्याखालची लाळग्रंथी. हा धागा म्हणजे फेशियल आर्टरी. घाल बघू कुठून जाते ती."

विलासने घाम पुसला आणि धागा ग्रंथीच्या पुढून, बाहेरच्या अंगाने, छान गोलाकार घातला.

मॅडम बघतच राहिल्या. "हार घातलास? लगीन लावतोस तिचं?"

बाहेरून आलेले परीक्षक हसले. मॅडम हसल्या नाहीत. ती धमनी ग्रंथीच्या पुढून जात नाही. ती मानेतून येते, ग्रंथीच्या मागून आतल्या अंगाने चढते, तिच्या पाठीत खाच पाडून वर वळते, मग ग्रंथी आणि जबड्याच्या मधून उतरून कडेवरून चेहऱ्यावर येते. पुढून जाते असं समजून कुणी सुरी चालवली तर मागची धमनी कापली गेल्यावरच त्याला कळणार. विलास नापास झाला.

कॉलेजच्या बाहेर बदामाच्या झाडाखाली तो बसला होता. "मना मारला मॅडमनी," एवढंच म्हणाला. "आता घरी काय सांगू? आईने पेढे आनून ठेवलेत."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला जिन्यात गाठलं. "त्या चेनवाल्याला सांग, संध्याकाळी माझ्याकडे ये म्हणावं." आणि पुढची परीक्षा येईपर्यंत विलास रोज संध्याकाळी आमच्या तळमजल्यावर. खिडकीतून दिसायचं: टेबलावर कणीक, लाल धागा, निळा धागा, आणि विलास डोळ्यांवर मॅडमची ओढणी बांधून बोटांनी चाचपडतोय. चुकला की मॅडमचा मोऱ्यातला आवाज. बरोबर आलं की ताटात सांदण. नारळाच्या दुधाची ती गोड सांदणं खाऊन हा चांगला बाळसेदार झाला आणि पासही झाला. पुढे शिकत राहिला, सर्जन झाला. तोंडाची आणि जबड्याची ऑपरेशनं करायला लागला, वाशीच्या एका नर्सिंग होममध्ये. मी कोपरखैरण्यात दवाखाना टाकला. दात काढायचे, दात बसवायचे, झालं माझं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मॅडमनी चिंच सोडली. आधी मला वाटलं, वय झालं, ॲसिडिटी असेल. पण एकदा त्या माझ्याकडे जेवायला आल्या, आमटीचा पहिला घास घेतला आणि त्यांच्या उजव्या जबड्याखाली बघता बघता लिंबाएवढी गाठ वर आली. त्यांनी हाताने ती झाकली आणि जेवण संपवलं.

"खडा आहे," मग म्हणाल्या. "ग्रंथीतून नळी निघते तिथेच, अगदी आत. आंबट खाल्लं की रक्त धावतं, लाळ होते, बाहेर जायला वाट नाही. फुगते. दोनदा पिकली पण. ग्रंथी काढावी लागणार."

मी म्हटलं, "मग काढू या ना. त्यात काय?"

त्यांनी हात पुन्हा त्या गाठीवर ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "शिंदे, त्या ग्रंथीच्या खालून जिभेची नस जाते. पिकून पिकून सगळं चिकटलं असणार. रक्त सुटलं आणि कुणी घाईत चिमटा लावला तर जीभ जायची माझी. मला बाकी कशाची भीती नाय ग. पण बोलायला नाही आलं तर मी काय करू?" त्यांचे डोळे भरून आले. मी त्यांच्या ताटात उगाच भात वाढला.

कुवेतहून त्यांच्या भावाचे फोनवर फोन. मुंबईतल्या मोठ्यातल्या मोठ्या सर्जनला दाखवू, पैशांची काळजी करू नकोस. मोऱ्याहून आपाचा निरोप, भावाचं ऐक. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि मला घेऊन थेट वाशीला, विलासपुढे जाऊन बसल्या.

"म्हात्रे, ही माझी ग्रंथी. तू काढायचीस."

विलासचा चेहरा पांढराफटक. "मॅडम, मी? नाय हो मॅडम. मना नाय जमनार. दुसऱ्या कोनाची असती तर काढली असती. रोज काढतो. पन तुमची... माझा हात थरथरल."

"थरथरू दे."

"मॅडम, माझ्यापेक्षा हुशार पोरं हायेत आपल्या कॉलेजची. मी तर याच प्रश्नाला नापास झालेलो!"

"म्हणूनच!" मॅडमनी टेबलावर हात आपटला. "जे पहिल्या फटक्यात पास झाले ते विसरले. ही शिंदे बघ. हिला त्या प्रश्नाला मी पैकीच्या पैकी दिले होते. सांग ग शिंदे, आर्टरी कुठून जाते?"

मी म्हणाले, "म्हणजे... मागून. बहुतेक मागून. वळून."

"बहुतेक!" मॅडम विलासकडे वळल्या. "ऐकलंस? ही बहुतेकवाली. तू नाही विसरणार. तू झोपेत पण नाही विसरणार. आणि हे बघ, काढलेली ग्रंथी तपासायला दे, पण तपासून झाली की मला परत हवी. कचऱ्यात टाकलीस तर याद राख."

ऑपरेशनच्या सकाळी मॅडमनी मला थिएटरमध्ये उभं राहायला लावलं होतं. आपलं कुणीतरी असावं म्हणून. भूल चढायच्या आधी त्यांनी विलासला शेवटचं विचारलं, "किती ठिकाणी बांधशील?"

"दोन, मॅडम. वर जबड्यापाशी, जिथून ती चेहऱ्यावर जाते. आनि खाली, मानेतून येते तिथे."

"झोपते मी," मॅडम म्हणाल्या.

विलासचा हात थरथरत नव्हता. मी बघत होते. वरची गाठ बसली, धमनी कापली, ग्रंथी सुटून हळूहळू खाली आली. खाली सगळं चिकटलेलं होतं, मॅडम म्हणाल्या होत्या तसंच. त्याने मानेकडून येणारी धमनी मोकळी केली, थोडं अंतर ठेवून रेशमी दोऱ्याच्या दोन गाठी मारल्या, एक मानेच्या बाजूला, एक ग्रंथीच्या, आणि मध्ये कापली. ग्रंथी बाहेर आली. मी श्वास सोडला आणि त्याच क्षणी मानेकडची गाठ निसटली.

काय सांगू! खड्डा भरला एका झटक्यात. धमनीचं तुटकं टोक आत, स्नायूच्या मागे पळालं होतं. काही दिसेना. नर्सने न मागता चिमटा पुढे केला. आतून मी किंचाळत होते, नको, नको, तिथे जिभेची नस आहे!

विलासने चिमट्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याने बोट आत घातलं आणि दाबलं. रक्त थांबलं. मग तो तसाच उभा राहिला. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, "काय झालं? क्लॅम्प लाव की." विलास म्हणाला, "थांबा जरा. घाई नाय." सक्शनने खड्डा कोरडा केला. त्याने डोळे मिटले होते, देवाशप्पथ. बोटाने तो आत चाचपत होता. मग डोळे उघडले, बोट जरासं सरकवलं, टोक दिसलं, नस त्याच्या खाली पांढरी, शाबूत. चिमटा घेतला, टोक धरलं आणि या वेळी गाठ मारून दोनदा ओढून बघितली.

शुद्धीवर आल्यावर मॅडमच्या मानेला हे भलंमोठं बँडेज, नळी, चेहरा सुजलेला. विलास खुर्चीच्या कडेवर टेकलेला. "मॅडम," तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, "जीभ दाखवा."

मॅडमनी डोळे उघडले. त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग लहान मुलं वेडावून दाखवतात तशी लांबलचक जीभ बाहेर काढली. सरळ! जराही डावी-उजवीकडे वळली नाही. विलासने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"किती रक्त गेलं?" मॅडमनी विचारलं. पहिलंच वाक्य, घोगरं, पण प्रत्येक अक्षर स्पष्ट.

"थोडंसंच, मॅडम."

"खोटं बोलू नको. या शिंदेचं थोबाड बघ, भूत झालंय तिचं. खालची सुटली ना?"

"हो, मॅडम."

"मग काय केलंस?"

"आधी बोट," विलास म्हणाला.

निवृत्तीच्या आधीचं मॅडमचं शेवटचं लेक्चर ऐकायला आम्ही जुने विद्यार्थी मागच्या बाकांवर जाऊन बसलो होतो. पुढे सगळी नवी पोरं, आमच्यासारखीच भेदरलेली. जबड्याखाली मॅडमच्या एक बारीक रेघ राहिली होती, मानेच्या वळीत लपणारी. त्यांनी पिशवीतून काचेची बरणी काढली. फॉर्मलिनमध्ये अर्धी कापलेली ग्रंथी, मध्ये पिवळट खडा, धमनीत लाल रंग भरलेला. हे सगळं त्यांनी स्वतःच्या हातांनी केलं होतं.

"उजवी ग्रंथी," त्या म्हणाल्या. "स्त्री, वय विचारू नका, अजून जिवंत. मी."

एक मुलगी घाबरून हसली, मग सगळेच.

मॅडमनी बरणी पुढच्या बाकावर दिली. "हातोहात फिरवा. मागून येणारी लाल धमनी बघा. खालच्या टोकाला काळा दोरा बांधलाय, दिसतोय? रेशमाचा आहे. विरघळत नाही. ही गाठ ग्रंथीकडची. हिच्या समोरची, मानेकडची गाठ..." त्यांनी ओढणी बाजूला केली आणि जबड्याखाली त्या रेघेवर बोट टेकवलं. "ती इथे आहे. ती काही बरणीत यायची नाही. ती मी माझ्याबरोबर मोऱ्याला नेणार, आणि तिथून जिथे जायचं तिथेही नेणार."

पोरं माना वळवून वळवून मागे बघायला लागली, कारण शेवटच्या बाकावरून नाक ओढल्याचा आवाज येत होता.

"म्हात्रे," मॅडम म्हणाल्या, "रडायचं असेल तर बाहेर जा. इथे लेक्चर चालू आहे."